प्रपत्रांतील बिघडलेल्या याद्या व आज्ञावलीच्या साहाय्याने त्यांची दुरुस्ती

शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत खाडाखोड करावयाची नाही, हा दंडक प्रत्येक शिक्षकाच्या अंगवळणी पडलेला असतो. नोंदवही एकाच्या हाती असते, तिची जबाबदारीही एकावरच असते. परंतु केंद्र व तालुका यांच्याकडे पाठवावयाची पुष्कळशी माहिती आता सामाईक संगणकीय प्रपत्रांतून जाते. गूगलची शैक्षणिक साधने राज्यातील शाळांसाठी उपलब्ध करून देण्याचे महाराष्ट्र शासनाने २०२० च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले. त्यांत प्रपत्र तयार करण्याचे ‘गूगल फॉर्म्स’ हे साधनही होते. एकाच कागदावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, हा या साधनांचा मोठा गुण. पण अनेक हात लागले की दंडक सैल होतो आणि प्रपत्र बिघडते. हा बिघाड कसा होतो व तो कसा काढावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रपत्र आणि तक्ता

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रपत्र व उत्तरांचा तक्ता या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. भरलेली उत्तरे प्रपत्राजवळ साठतात आणि त्यांची नक्कल जोडलेल्या तक्त्यात, म्हणजे ‘गूगल शीट’मध्ये, उतरते. त्यामुळे तक्ता कोणाच्या हातून विस्कटला तरी घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रपत्र नव्या तक्त्याशी जोडले की साठलेली सर्व उत्तरे त्यात पुन्हा उतरतात.

प्रपत्रातील प्रत्येक प्रश्नाला संगणक एक अंतर्गत ओळखक्रमांक देतो व त्या प्रश्नासाठी तक्त्यात एक स्तंभ उघडतो. प्रश्नाखालच्या पर्यायांची यादी बदलली तरी क्रमांक व स्तंभ कायम राहतात. मात्र प्रश्नच काढून टाकून त्याच नावाचा दुसरा घातला, तर तो संगणकाच्या दृष्टीने निराळा प्रश्न होय. त्याला नवा स्तंभ मिळतो, आणि जुनी उत्तरे जुन्या स्तंभातच राहतात. एकाच माहितीचे असे दोन तुकडे होतात.

बिघाडाचे उदाहरण

समजा, ऊसतोडणीच्या हंगामात बाहेरगावाहून आलेल्या मुलांची नोंद करण्यासाठी एक सामाईक प्रपत्र केले आहे. कसबा बावड्यास छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना आहे. जिल्ह्यातील कारखान्यांकडे बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून मजुरांच्या टोळ्या येतात, आणि त्यांच्या कोप्यांतून शाळेच्या वयाची मुलेही असतात. प्रपत्रात ‘सध्याचे वास्तव्य’ हा प्रश्न असून त्याचे उत्तर लिहून द्यावयाचे आहे. मग कोणी ‘कसबा बावडा’ लिहितो, कोणी ‘क. बावडा’, कोणी ‘कसबे बावडा’, तर कोणी नुसते ‘बावडा’. हिंदी कळफलक वापरणाऱ्याकडून ‘ड’खाली नुक्ता पडून ‘बावड़ा’ होते. शेवटी चुकून एक मोकळी जागा सुटली तरी डोळ्यांना ती दिसत नाही. संगणक मात्र तो शब्द निराळा मानतो. इतकेच नव्हे, तर नुक्ता असलेले ‘ड़’ हे अक्षरही दोन रीतींनी साठवले जाते. दिसावयास एक, गणतीस दोन.

यातील ‘बावडा’ ही नोंद विशेष घातक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातच कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर गगनबावडा हे तालुक्याचे ठिकाण आहे. कसबा बावडा महानगरपालिकेच्या हद्दीत येतो. गगनबावड्याच्या ग्रामीण शाळा जिल्हा परिषदेकडे आहेत. मूल कोणत्या बावड्यात आहे हे कळले नाही, तर दोन्हीकडील यंत्रणांना ते दुसऱ्याचे वाटते आणि त्याला कोणीच आणावयास जात नाही. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने अशा मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेशाचा अधिकार दिला आहे. दाखला येण्यास उशीर झाला म्हणून त्याचा प्रवेश अडविता येत नाही. पण प्रपत्रातील एका शब्दाने ते मूल यादीतून निसटले, तर हा अधिकार कागदावरच राहावयाचा.

आज्ञावली म्हणजे काय

दोन-तीनशे ओळींचा तक्ता हाताने सुधारणे शक्य आहे; परंतु त्यात नव्या चुका शिरतात व कोणी काय बदलले याचा माग राहत नाही. येथे आज्ञावली, म्हणजे रूढ भाषेत ‘स्क्रिप्ट’, उपयोगी पडते. संगणकाने क्रमाने करावयाच्या कृतींची ती लिखित सूचनावली होय. तक्त्याच्या ‘एक्स्टेन्शन्स’ या सूचीत ‘अ‍ॅप्स स्क्रिप्ट’ हे साधन आहे. ते २००९ पासून उपलब्ध आहे. लिहिलेल्या सूचना कोणालाही वाचून तपासता येतात आणि पुढील वर्षी तशाच पुन्हा वापरता येतात.

दुरुस्तीचा क्रम

१. प्रथम प्रपत्र भरणे थांबवावे व तक्त्याची एक प्रत काढावी. आज्ञावलीचा पहिला प्रयोग नेहमी प्रतीवरच करावा.

२. वेगळ्या पानावर प्रमाण गावांची यादी लिहावी. ‘कसबा बावडा (महानगरपालिका)’ आणि ‘गगनबावडा (तालुका)’ अशी नावे पूर्ण द्यावीत.

३. दुसऱ्या पानावर तुल्यतासूची करावी. डाव्या स्तंभात प्रत्यक्ष आढळलेली प्रत्येक रूपे आज्ञावलीने काढून द्यावीत. उजव्या स्तंभात त्याचे प्रमाण नाव शिक्षकाने स्वतः भरावे. ज्याविषयी संशय आहे, ते रिकामे सोडावे.

४. मग आज्ञावलीने प्रत्येक ओळ वाचावी, मागची-पुढची मोकळी जागा काढावी, नुक्त्याचे ‘ड़’ साध्या ‘ड’मध्ये आणावे, आणि तुल्यतासूचीप्रमाणे प्रमाण नाव तिसऱ्या पानावर लिहावे. प्रश्नाचे दोन स्तंभ झाले असतील तर ज्यात उत्तर आहे ते घ्यावे. दोहोंत निरनिराळी उत्तरे असतील तर कोणतेही घेऊ नये. मूळ उत्तरांच्या पानाला हात लावू नये.

५. न जुळलेल्या सर्व ओळी ‘शंका’ या पानावर शाळेच्या नावासह उतराव्यात. तेथे नुसते ‘बावडा’ आढळल्यास संबंधित शाळेला विचारावे. हे काम यंत्राचे नव्हे.

६. शेवटी प्रपत्रात निवडयादीचा, म्हणजे ‘ड्रॉपडाउन’चा, प्रश्न एकदाच करावा व त्याचे पर्याय आज्ञावलीने प्रमाण यादीतून भरावेत. पुढे गाव वाढले तर यादीत लिहून आज्ञावली पुन्हा चालवावी. प्रश्न काढू नये. आधीची उत्तरे यामुळे बदलत नाहीत, म्हणूनच वरील पायऱ्या आवश्यक ठरतात.

काही सावधगिरी

आज्ञावली ज्याच्या खात्यावरून चालते, त्याचे अधिकार घेऊन चालते. म्हणून चालविण्यापूर्वी संगणक जी परवानगी मागतो ती वाचूनच द्यावी. कोणीतरी पाठविलेली, अर्थ न कळणारी आज्ञावली कधीही चिकटवू नये. एका वेळी ती सामान्यतः सहा मिनिटांपर्यंतच चालू शकते. तेव्हा मोठ्या तक्त्याचे काम भागाभागाने करावे. संपादनाचा अधिकार दोघांपलीकडे देऊ नये. बाकीच्यांना फक्त भरण्याचा दुवा पुरेसा आहे. दुरुस्तीपूर्वी व नंतर एकूण ओळी मोजाव्यात. प्रमाण व शंका या दोन्ही पानांवरील ओळींची बेरीज मूळ संख्येइतकी भरलीच पाहिजे. ती भरली नाही, तर कोणते तरी मूल गळले आहे असे समजून काम थांबवावे.

खाडाखोड न करण्याच्या जुन्या दंडकाचा अर्थ संगणकावरही तोच आहे. मूळ नोंद राखावी, दुरुस्ती वेगळी लिहावी आणि ती कशी केली हे दाखविता यावे. शेकडो ओळी चाळण्याचे श्रम आज्ञावलीने करावेत. मूल कोठे आहे याचा निर्णय मात्र त्याला ओळखणाऱ्या शिक्षकाने करावा. येत्या हंगामाची प्रपत्रे पाठविण्यापूर्वी प्रत्येक केंद्राने आपल्या गावांची प्रमाण यादी तयार करून ठेवल्यास निम्मे काम आधीच झालेले असेल.