लिंबू बाटलीत का टिकत नाही

मुंबई, पुणे आणि गोव्यातल्या दुकानांत गेल्या काही वर्षांत तयार कॉकटेलच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. झाकण उघडायचं आणि बर्फावर ओतायचं, एवढंच काम. या बाटलीची चव ताज्या मिश्रणाच्या तोडीची असते का? या प्रश्नाचं उत्तर दारूबंदीच्या राज्यात, सुरतजवळच्या कामरेजला, उसाच्या रसाच्या गाड्यावर मिळतं.

कामरेज तापीकाठी, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. भोवताली ऊस आणि सहकारी साखर कारखाने. दक्षिण गुजरातच्या या पट्ट्यात ऊसतोडीला खानदेशातल्या टोळ्या वर्षानुवर्षं येतात. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा 1960 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. महाराष्ट्रानं तो सैल केला, गुजरातनं घट्ट धरला. तरी चरकातून निघणारा रस, त्यासोबत पिळलेलं लिंबू, आलं आणि मीठ ही रचना आंबटगोड कॉकटेलचीच आहे. त्यात फक्त अल्कोहोल नाही. आणि बाटलीत भरल्यावर दोघांचं दुखणंही एकच असतं.

नुसता उसाचा रस काही मिनिटांत काळवंडतो. चरकात पेशी फुटल्या की पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते. कापलेलं वांगं काळं पडतं ते याच रसायनानं. लिंबू इथे दोन कामं करतं. त्यातल्या आम्लानं विकर मंदावतं, आणि क जीवनसत्त्व तयार होऊ पाहणाऱ्या काळ्या रंगद्रव्याला सुरुवातीलाच माघारी फिरवतं. म्हणजे पेल्यात लिंबू रसाचा रक्षक आहे.

बाटलीत मात्र याच आम्लाचा सासुरवास सुरू होतो, आणि तो सोसावा लागतो लिंबाच्या स्वतःच्या सुगंधाला. लिंबाचा ताजा वास मुख्यतः सिट्रल या रेणूचा. आम्लात सिट्रलची साखळी स्वतःभोवती वळून कडं बनवते आणि पुढे त्यातून औषधी, डांबरट वासाची संयुगं निघतात. सालीतल्या लिमोनीनपासून अल्फा-टर्पिनिऑल बनतं आणि शिळा, टर्पेंटाइनसारखा वास येतो. यातली पहिली पायरी घडायला ना जंतू लागतात ना ऑक्सिजन. आम्ल आणि वेळ पुरेत. म्हणून अल्कोहोलनं जंतू मेले तरी लिंबू वाचत नाही. उन्हात तापलेल्या गोदामात तर ही गती आणखी वाढते.

बाटलीतलं लिंबू दगा देतं हे माणूस फार महाग धडे घेऊन शिकला, आणि ती गोष्ट मला या सगळ्या रसायनापेक्षा प्रिय आहे. 1747 मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरनं ‘सॅलिसबरी’ जहाजावर स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झालेल्या बारा खलाशांवर सहा उपचार करून पाहिले. संत्री-लिंबं मिळालेले दोघे झपाट्यानं सुधारले. पण लांबच्या प्रवासात ताजी फळं कुठून आणायची? लिंडनं 1753 च्या ग्रंथात उपाय सुचवला: रस मंद आचेवर पाकासारखा घट्ट आटवून बाटल्यांत भरा. त्या आचेवर जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होत होता, आणि हे कळायला तेव्हा काही साधन नव्हतं. 1795 पासून गिल्बर्ट ब्लेनच्या आग्रहानं ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास मिळू लागला आणि स्कर्व्ही हटली. पुढे 1860 च्या दशकात भूमध्य समुद्राकडची मोठी लिंबं सोडून वेस्ट इंडीजमधली लहान, पातळ सालीची लिंबं घेतली गेली; आपलं कागदी लिंबू त्याच जातीचं. 1875 च्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही परतली, आणि लिंबावरचा विश्वासच डळमळला.

हे कोडं सोडवलं ते लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या स्त्रियांनी. हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी 1918 मध्ये गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं, की लहान लिंबाच्या ताज्या रसात मोठ्याच्या जेमतेम चौथा हिस्सा गुण असतो, आणि साठवलेल्या रसात जवळजवळ काहीच उरत नाही. अ‍ॅलिस हेंडरसन स्मिथ यांनी नौदलाची जुनी दप्तरं धुंडाळून, दोन वेगळ्या फळांना एकच समजल्यानं झालेला घोटाळा उलगडला. शाळेच्या पुस्तकात लिंडला पानभर जागा मिळते. या तिघींची नावंही तिथे हवीत.

आता परत कॉकटेलच्या बाटलीकडे. अमेरिकेत ह्यूब्लाइन कंपनीनं 1892 मध्ये बाटलीबंद कॉकटेल विकायला काढली. सांगतात, की एका सहलीसाठी पिंपभर मिश्रण तयार केलं होतं, पावसानं सहल बारगळली, आणि बऱ्याच दिवसांनी चाखलं तर ते उत्तम लागलं. त्यांचे मॅनहॅटन आणि मार्टिनी हे प्रकार निव्वळ मद्यांचे होते, त्यांत फळाचा रस नव्हता. दारू, व्हर्मुथ, कडू अर्क असं मिश्रण बाटलीत सुखानं राहतं. मार्गारिटा किंवा व्हिस्की सावर या लिंबाच्या कॉकटेलचं तसं नाही. त्यांच्या बाटलीत बहुधा सायट्रिक आम्ल आणि वेगळा सुगंध घालावा लागतो. जीभ आंबट ओळखते, पण नाकाला लिंबू सापडत नाही.

‘उष्णतेविना टिकवलेला रस’ अशी जाहिरात दिसली तरी सावध राहावं. अशा रसावर दिलेल्या सहा हजार वातावरणांइतक्या दाबानं बहुतेक जंतू मरतात आणि उकळल्यावर येणारा काकवीचा वासही टळतो, हे खरं. पण सिट्रलची मोडतोड त्या दाबानं थांबत नाही. यंत्र कितीही महाग असलं तरी लिंबू आपल्या वेळेनंच चालतं.

म्हणून बाटली घेताना आधी घटकांची यादी वाचा. नुसती मद्यं असतील तर बिनधास्त घ्या. लिंबाचा रस लिहिला असेल तर भरल्याची तारीख बघा आणि ती थंड जागी होती का ते विचारा. उसाचा रस बाटलीत घालू पाहणाऱ्या उद्योजकांनी तर लिंबू बाटलीबाहेरच ठेवावं. रसाचा रंग राखायला आम्ल हवंच, तर ते सायट्रिक आम्ल म्हणून घाला; सुगंधासाठी सोबत एक अख्खं लिंबू द्या. ते पिळायला दहा सेकंद लागतात, आणि त्या दहा सेकंदांची जागा घेणारं तंत्र अजून कुणाला सापडलेलं नाही.