सुई खाली उतरते, लस वरच थांबते

इस्पितळात जातीची पाटी लावलेली नसते. तरीही कोण कोणत्या पायरीवर उभा आहे, हे ओळखायला तेथे वेळ लागत नाही. इंजेक्शन देणारा हात एकाचा, वापरलेली सुई ट्रेमध्ये टाकणारा हात दुसऱ्याचा, आणि पलंगाखाली पडलेली तीच सुई झाडूने ओढून काढणारा हात तिसऱ्याचा. हा तिसरा हात बहुतेक वेळा आपल्या वस्तीतला असतो. इस्पितळ त्याला ‘मामा’ म्हणते, तिला ‘मावशी’ म्हणते. नाते जोडले जाते. पण या मामा-मावशींना हिपॅटायटिस बीची लस दिली आहे काय, हे विचारणारा क्वचितच भेटतो. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त श्रमिकांच्या विभागणीचा जो प्रश्न उभा केला, तो इस्पितळाच्या भिंतीआतही जिवंत आहे. म्हणून हा विषय मी केवळ वैद्यकाचा मानत नाही.

प्रथम रोग समजून घेऊ. ‘कावीळ’ हा एकच शब्द आपण अनेक रोगांना लावतो आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. दूषित पाण्यातून येणारी कावीळ वेगळी. हिपॅटायटिस बीचा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून मुलाकडे जातो. एका ताटात जेवल्याने, एका माठाचे पाणी प्यायल्याने किंवा हात हातात घेतल्याने तो होत नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतो. कारण रोगाचे निमित्त करून नवी अस्पृश्यता उभी करायला आपल्या समाजाला फार वेळ लागत नाही.

हा विषाणू चिवट आहे. वाळलेल्या रक्तातही तो निदान सात दिवस तग धरतो. बाधित रक्ताची सुई टोचली, तर लस न घेतलेल्या शंभरांपैकी सहा ते तीस जणांना लागण होऊ शकते. एड्सच्या विषाणूबाबत हेच प्रमाण हजारात सुमारे तीन आहे. शिवाय ज्याच्या अंगात विषाणू आहे तो अनेकदा ठणठणीत दिसतो. डोळे पिवळे होत नाहीत, अंग दुखत नाही. काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षे राहतो, यकृत आक्रसत जाते, कधी कर्करोग होतो. तोवर नोकरी सुटलेली असते. मग लोक म्हणतात, दारूने गेला. माळ घालून किंवा कावीळ ‘उतरवून’ हा विषाणू जात नाही, हेही सांगितले पाहिजे.

विज्ञानाने आपले काम केले आहे. बारूक ब्लूमबर्ग यांच्या १९६५ च्या शोधातून या विषाणूची ओळख पटली; त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ साली अमेरिकेत पहिल्या लशीला मान्यता मिळाली. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि किंमत उतरली. तीन डोस: पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासले की संरक्षण तयार झाले की नाही ते कळते. पण कंत्राट बदलले की कामगार बदलतो आणि सहा महिन्यांचे हे वेळापत्रक मध्येच तुटते.

‘हे लोक अडाणी, हातमोजे घालत नाहीत,’ हा आरोप मला मान्य नाही. पातळ रबरी मोजा सुई अडवीत नाही. जाड मोजे, चिमटा, सुया टाकायचा न भोसकणारा पांढरा डबा या वस्तू ज्याने पुरवायच्या, त्याला आधी विचारा. ज्ञान असूनही साधन नसेल, तर ते ज्ञान आचरणात कसे उतरणार?

सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवावी. ती पिळू नये, चोखू नये. लगेच कळवावे आणि नोंद करून घ्यावी. लस घेतलेली नसेल, तर लस व प्रतिपिंडांचे इंजेक्शन शक्यतो चोवीस तासांत मिळाले पाहिजे. ‘मुकादम रागावेल’ म्हणून गप्प बसण्यात हेच तास निघून जातात.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम स्पष्ट आहेत. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस, संरक्षक साधने, नोकरीवर घेताना व पुढे दरवर्षी प्रशिक्षण आणि आरोग्यतपासणी, ही जबाबदारी इस्पितळाची आहे. कायम आणि कंत्राटी असा भेद त्यात नाही. तेव्हा लस ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

कार्यकर्ते, विद्यार्थी, शिक्षक यांना माझे सांगणे एवढेच: हे नियम मराठीत उतरवून वस्तीत वाचून दाखवा. प्रत्येक मामा-मावशीला तीन प्रश्न विचारायला शिकवा. माझे तीन डोस कोठे नोंदले आहेत? सुयांचा डबा कोठे आहे? सुई टोचली तर रात्री दोन वाजता मी कोणाकडे जायचे? उत्तर मिळाले नाही, तर तोच प्रश्न दहा जणांनी मिळून, लेखी विचारावा.