औष्णिक वीज केंद्रांतील कामगार आणि ॲस्बेस्टॉसजन्य विकार

जुन्या औष्णिक वीज केंद्रांत बाष्पक, वाफेच्या नळ्या व टर्बाइन यांवर उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉसचे आवरण दिले जात असे. दुरुस्तीच्या वेळी हे आवरण फोडताना सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन रुततात. त्यातून उद्भवणारे ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे विकार अनेकदा २० ते ४० वर्षांनी प्रकट होतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो. या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा आदेश महत्त्वाचा ठरतो. ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद किमान ४० वर्षे अथवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जतन करावी, असे त्यात म्हटले आहे. परंतु दुरुस्तीपुरता येणारा कंत्राटी मजूर आज एका ठेकेदाराकडे, तर उद्या दुसऱ्याकडे असतो. नोंदीअभावी, रोगनिदान झाले तरी त्याचा कामाशी असलेला संबंध सिद्ध करणे त्याला जवळजवळ अशक्य होते.