हिरवा ठिपका आणि उपवासाचा चिवडा

उपवासाचे पदार्थ घरीच करण्याचा नेम होता, तोवर व्रताचा सारा हिशेब चुलीपाशी होत असे. करणारा हात ओळखीचा, डबे ओळखीचे. खिचडीत काय पडले हे विचारण्याचे कारणच नसे. आता चिवडा आणि वेफर्स कारखान्यातून येतात, आणि तो हिशेब पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो वाचावा कसा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण ज्याचे व्रत आहे त्याला तो तसा वाटत नाही.

आषाढीच्या सुमारास बोरगावला जाण्याचा योग आला. नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरचे, सौसर भागातले, कारखानदारीने पुढे आलेले हे गाव २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. राज्य मध्य प्रदेश, पण कितीतरी घरांतून बोली मराठी. तेथल्या एका दुकानात एक आजी चिवड्याचे पाकीट उलटसुलट करून पाहत होत्या. दुकानदार म्हणाला, “हिरवा ठिपका हाये ना आजी, न्या बिनधास्त.” आजी म्हणाल्या, “ठिपका हाये रे बाप्पा, पण याच्यात हळद पडली का, अन् मीठ कोणतं हाये?”

मला वाटते, ते दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. हिरवा ठिपका खोटा नव्हता. मात्र आजींनी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते.

ही खूण २००१ साली भेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती करून आली. आधी मांसाहारी पदार्थांना, मागाहून शाकाहारी पदार्थांना. लहान पाकिटावर तिचा व्यास निदान तीन मिलिमीटर असावा, इथपर्यंत नियम बारीक आहे. मांस, मासे, अंडी किंवा प्राण्यापासून काढलेले अन्य काही पदार्थात नाही, एवढेच ती सांगते. दूधदुभते त्यातून वगळले आहे. कांदा, लसूण, हळद तिच्या हिशेबी सारखीच. बटाट्याच्या साध्या वेफर्सवर ठिपका हिरवाच असतो, आणि कंदमुळे वर्ज्य मानणारा जैन शेजारी ते पाकीट बाजूला ठेवतो.

मग सरकारने उपवासाचीही खूण काढावी काय? ते जमणे कठीण. आपल्या उपवासाचे मुख्य आधार म्हणजे बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद. हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. त्यांना फराळात जागा दिली ती घरोघरच्या बायकांनी. एका घरी साधे मीठ चालते, शेजारी सैंधवावाचून चालत नाही; कोठे भगर चालते, कोठे एकादशीला तीही नको. हा कायदा घराघराचा आहे, आणि तो घरानेच पाळावयाचा.

परंतु घराने पाळावयाचा तर घराला माहिती हवी. खरी अडचण येथे आहे. वेफर्सच्या मसाल्यात चव वाढविण्यासाठी ‘६३१’ या क्रमांकाचे द्रव्य पुष्कळदा असते. ते मासे-मांसापासून काढता येते, तसेच वनस्पतिजन्य मालापासूनही. नुसत्या आकड्यावरून हे कळावे कसे? दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये याच द्रव्याचा दाखला देऊन सांगितले, की घटकाचे प्रमाण कितीही अल्प असो, तो वनस्पतीचा की प्राण्याचा हे उघड सांगितलेच पाहिजे. व्रतस्थ हिंदूला, जैनाला, तसेच हलाल-हराम पाहणाऱ्या मुसलमानालाही हा निर्णय सारखाच उपयोगी आहे.

तोवर वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. जे अधिक ते आधी. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्यांना गहू, दूध वा सोया बाधतो अशांसाठी पाकिटावर वेगळी सूचना छापतात. ती उपवासालाही कामास येते. बाजारातल्या बांधीव हिंगात बहुधा मैदा असतो. गव्हाची सूचना दिसली, की हिंगाची शंका घ्यावी.

आता उरते भाषा. नियमाप्रमाणे हा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असला की पुरे, म्हणून पुष्कळ पाकिटांवर तो इंग्रजीतच असतो. देवनागरी घडघडा वाचणारी, पोथी रोज उघडणारी बाई पाकिटापुढे निरक्षर ठरते. कारखानदारांनी दर्शनी बाजूला ‘उपवास’ हा शब्द देवनागरीत मोठ्या अक्षरांत छापावा आणि त्यात काय घातले ते मात्र परक्या लिपीत मुंगीएवढ्या अक्षरांत लिहावे, हे काही न्यायाचे नव्हे. ज्या अक्षरांत माल विकावयाचा, त्याच अक्षरांत त्याचा हिशेबही द्यावा.