रेडिओवरील गाण्याचा दर ठरवतो कोण?

नवी दिल्ली : एफएम वाहिनीवर वाजणाऱ्या गाण्यात एकाहून अधिक हक्क गुंतलेले असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा संगीत कंपनीकडे असतो. शब्द गीतकाराचे आणि चाल संगीतकाराची असते. या सर्वांच्या रॉयल्टीबाबत एकमत झाले नाही, तर दर ठरवायचा कोणी?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हे काम कॉपीराइट मंडळाकडे होते. मंडळाने २५ ऑगस्ट २०१० रोजी रेडिओ वाहिन्यांसाठी निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्के रॉयल्टी निश्चित केली. उत्पन्नाशी जोडलेल्या या दरामुळे कमी कमाईच्या वाहिन्यांवरील भार हलका झाला. मात्र हक्कधारकांची मिळकत वाहिनीच्या कमाईवर अवलंबून राहिली.

२०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ३१-ड आले. त्यानुसार प्रसारकाने आगाऊ सूचना देऊन ठरलेल्या दराने रॉयल्टी भरल्यास, हक्कधारकाशी स्वतंत्र करार न करताही प्रकाशित गाणी प्रसारित करता येतात. साहजिकच, या तरतुदीत दर ठरवणाऱ्या यंत्रणेला कळीचे महत्त्व आहे.

मंडळाचे अधिकार २०१७ मध्ये बौद्धिक संपदा अपिलीय मंडळाकडे गेले. या मंडळाने ३१ डिसेंबर २०२० रोजी नवे दर जाहीर केले. उत्पन्नाच्या टक्केवारीऐवजी संगीत प्रत्यक्ष किती वेळ वाजले, याला आधार मानण्यात आला. या दरांची मुदत ३० सप्टेंबर २०२१ पर्यंतच होती. ती संपण्यापूर्वीच, एप्रिल २०२१ मध्ये, केंद्राने अध्यादेशाद्वारे मंडळ बरखास्त केले. त्याची कामे वाणिज्य न्यायालये आणि उच्च न्यायालयांकडे सोपवण्यात आली.

वाद मात्र थांबले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजीच्या अंतरिम आदेशात, रेडिओवर ध्वनिमुद्रण वाजवताना त्यातील शब्द आणि संगीताच्या रचनाकारांनाही रॉयल्टी देय असल्याचे प्रथमदर्शनी मान्य केले. २०१२ च्या दुरुस्तीचा त्यामागे मोठा आधार होता.

न्यायालये समोर आलेल्या पक्षकारांचा वाद मिटवतात. दरनिश्चितीचे काम त्याहून वेगळे आहे : बाजारातील बदल पाहून मुदत संपताच दरांचा पुन्हा विचार करावा लागतो. तो रखडल्यास वाहिनीला खर्चाचा अंदाज बांधता येत नाही आणि गीतकाराला हक्काचे पैसे वेळेवर मिळत नाहीत.