करारनाम्याचा पाया

घराच्या पायासाठी आपण खडक लागेपर्यंत खणतो. करारनामा मात्र दोन ओळींत उरकतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १० चार गोष्टी मागते: सक्षम पक्ष, मोकळी संमती, कायदेशीर मोबदला व कायदेशीर हेतू. यांत कागद नाही. तोंडी करारही बहुधा कायदेशीर ठरतो. अडते ते पुराव्यापाशी.

म्हणून इंजिनिअरने काम घेतानाच लिहून घ्यावे: नकाशे कोणाचे, देखरेख किती, पैसे कोणत्या टप्प्यावर, जादा काम कोणाच्या लेखी हुकमाने, तंटा कोणापुढे. ‘काम समाधानकारक करावे’ हे लिहिणे न लिहिण्यासारखेच. काँक्रीटची प्रत, स्लॅबची जाडी, मुदत आकड्यांत हवी.

उशिराच्या दंडाविषयी आपला एक गैरसमज आहे. दिवसाला १००० रुपये लिहिले म्हणजे ते सारे मिळतातच असे नाही. कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. तिच्या आत न्यायालय वाजवी भरपाई ठरविते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात हेच सांगितले.

करार अविश्वासापोटी लिहावयाचा नसतो. काम संपल्यावरही आपण एकमेकांच्या घरी चहाला जावे, म्हणून लिहावयाचा.