छोटा फ्रिज घेताय? आधी युनिट मोजा

एका खोलीत राहणारे विद्यार्थी, नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत भाड्याने राहणारे तरुण आणि दोघांपुरताच स्वयंपाक करणारी ज्येष्ठ दाम्पत्ये ४५-५० लिटरच्या छोट्या फ्रिजचा विचार करतात. त्याला जागा कमी लागते आणि किंमतही आवाक्यात असते. फ्रिज एक-चतुर्थांश आकाराचा, म्हणजे विजेचे बिलही एक-चतुर्थांश येईल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

फ्रिजची बरीचशी वीज खर्ची पडते ती बाहेरून आत झिरपणारी उष्णता पुन्हा बाहेर टाकण्यात. ही उष्णता भिंतींतून आणि दाराच्या कडांतून आत येते. त्यामुळे फ्रिजमध्ये किती लिटर जागा आहे, यापेक्षा त्याचा पृष्ठभाग किती आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. समान आकृतीच्या दोन पेट्यांपैकी एकीची क्षमता दुसरीच्या चौपट असली, तरी तिचा पृष्ठभाग सुमारे अडीचपटच असतो. म्हणजे दर लिटरमागे छोटी पेटी अधिक उष्णता आत घेते. त्यातच छोट्या फ्रिजच्या भिंतींतील उष्णतारोधक थर अनेकदा पातळ असतो आणि लहान कॉम्प्रेसरची कार्यक्षमताही तुलनेने कमी असते. परिणामी, ५० लिटरच्या साध्या फ्रिजचा वार्षिक वीजवापर १९० लिटरच्या चांगल्या फ्रिजच्या आसपास जाऊ शकतो.

खर्चाचा हिशेब

फ्रिज दिवसभर चालू असला, तरी कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. समजा, तो ६० वॅटचा आहे आणि २४ तासांपैकी आठ तास चालतो. मग दिवसाला ०.४८ युनिट, म्हणजेच वर्षाला सुमारे १७५ युनिट वीज लागेल. युनिटला आठ रुपये धरल्यास वर्षाचा खर्च १,४०० रुपये होतो.

येथे एक बाब लक्षात ठेवावी. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो आणि नव्या उपकरणाची युनिटे बिलाच्या वरच्या, महाग टप्प्यात जाऊन पडतात. म्हणून हिशेब सरासरी दराने न करता, आपले बिल ज्या टप्प्यापर्यंत पोहोचते, त्या टप्प्याच्या दराने करावा. घरमालक उपमीटरवर ठरावीक दर आकारत असेल, तर तोच दर धरावा.

तारे आणि युनिट

‘ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी’ या केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये उपकरणांसाठी तारांकनाची योजना सुरू केली. तारे ठरवताना फ्रिजचा प्रकार आणि क्षमता विचारात घेतली जाते. त्यामुळे छोट्या फ्रिजच्या तीन ताऱ्यांची मोठ्या फ्रिजच्या तीन ताऱ्यांशी सरळ तुलना करता येत नाही. शिवाय निकष वेळोवेळी कडक होत असल्याने लेबलवरील वर्षही पाहावे. खरी तुलना होते ती लेबलवर छापलेल्या वार्षिक युनिटांची. दोन फ्रिजमध्ये वर्षाला ६० युनिटांचा फरक असेल, तर दहा रुपये दराने दहा वर्षांत सहा हजार रुपयांचा फरक पडतो.

कॉम्प्रेसर नसलेले, अगदी लहान थर्मोइलेक्ट्रिक फ्रिजही मिळतात. त्यांचा आवाज फारसा होत नाही. परंतु त्यांची कार्यक्षमता बरीच कमी असते. बाहेरच्या तापमानापेक्षा ते ठरावीक अंशांनीच गारवा देतात. विदर्भातील ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्यात दूध टिकवण्याची अपेक्षा धरू नये.

वापरातील काळजी

फ्रिजच्या मागे आणि बाजूला हवा खेळेल इतकी जागा सोडावी. गॅसची शेगडी किंवा उन्हाची खिडकी जवळ नसावी. बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर होण्यापूर्वीच काढावा. दारात कागद धरून दार लावावे; कागद सहज निघाला, तर रबर सैल झाले आहे असे समजावे. अन्न निवल्यावरच आत ठेवावे.

जागेची अडचण असेल, तर छोट्या फ्रिजला पर्याय नाही. मात्र जागा असूनही केवळ बिल वाचेल म्हणून तो घेणार असाल, तर दुकानात दोन्ही लेबले शेजारी ठेवून युनिटांचे आकडे वाचावेत आणि मगच निर्णय घ्यावा.